अँटेनाची जागा गिळू नका

शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने २०१६ मध्ये ईएसपी३२ ही चिप आणली आणि वाय-फाय, ब्लूटूथ दोन्ही काही शे रुपयांत हाती आले. तयार डेव्हलपमेंट बोर्डावर सगळे सुरळीत चालते. स्वतःचा बोर्ड डिझाइन करायला घेतला की खरी परीक्षा सुरू होते.

नवखे डिझायनर पहिली कुऱ्हाड चालवतात ती अँटेनावर. चिप ज्यावर बसवलेली असते, त्या तयार मॉड्यूलच्या टोकाची नागमोडी रेघ म्हणजेच अँटेना; ती शोभेची नक्षी नव्हे. तिच्याखाली तांब्याचा थर आला, शेजारी बॅटरी बसली, की रेंज ढासळते. कंपनीची शिफारस साफ आहे: अँटेना बोर्डाच्या कडेला, शक्यतो कडेबाहेर, आणि भोवती किमान १५ मिलिमीटर जागा मोकळी. तरीही बोर्ड आटोपशीर दिसावा या हौसेपायी नेमकी हीच जागा जाते!

दुसरी कंजुषी वीजपुरवठ्यात. ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर किमान ५०० मिलिअँपिअर देणारा हवा. वाय-फाय सुरू होताना व्होल्टेज कोसळले की चिप रिसेट होते आणि बोल लागतो बिचाऱ्या प्रोग्रॅमला.

सुटी चिप घेऊन पैसे वाचवण्याचा मोहही लहान उद्योगांनी आवरावा. मॉड्यूलमध्ये क्रिस्टल, फ्लॅश मेमरी आणि जुळवलेली अँटेना आयती मिळते. सुट्या चिपबरोबर हे सारे, शिवाय रेडिओ चाचण्यांचा खर्च, अंगावर पडतो. उत्पादन हजारोंच्या घरात नसेल, तर मॉड्यूलच घ्यावे.