दिवा आपला, डोळे समोरच्याचे



रेल्वे कॉलनीत आणि पोस्टल क्वार्टर्समध्ये स्कूटरींच्या रांगेला लागून आता मोटारीही उभ्या दिसतात. त्यांतल्या पुष्कळशा जुन्या. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, त्याच वर्षी मे महिन्यात अँबॅसेडरचेही थांबले. तरी या गाड्या आपल्या माणसांच्या दारात आहेत आणि रात्री-अपरात्रीच्या ड्यूटीला उपयोगी पडतात. पहाटे तीनचा कॉल आलेला लोको पायलट असो की आर.एम.एस.मधून रात्रपाळी संपवून निघालेला सॉर्टिंग असिस्टंट असो, दोघांची तक्रार एकच: "गाडी बरी आहे हो, पण दिवे नावालाच आहेत."

तक्रार खरी आहे. उपाय मात्र बहुतेक वेळा चुकीचा होतो. माणूस बाजारात जातो, दुकानदार शंभर वॉटचा बल्ब किंवा पांढराशुभ्र एलईडी हातात ठेवतो, पाच मिनिटांत तो बसतो आणि मालक खूश होऊन घरी येतो. आमचे स्पष्ट मत असे आहे की जुन्या गाडीचा उजेड वाढवायचा असेल तर बल्बला हात सर्वांत शेवटी लावावा.

आधी वायरिंग पाहा. जुन्या गाड्यांत बहुधा दिव्याचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून आणि डिपरमधून फिरून पुढे जातो. साठ वॉटचे दोन बल्ब म्हणजे बारा व्होल्टवर दहा अँपिअर. तीस वर्षांच्या बारीक वायरी, काळवंडलेले स्विचचे पॉइंट आणि गंजलेली अर्थिंग यांतून जाताना एक-दीड व्होल्ट वाटेतच खर्च होतो. एवढ्याने काय होते, असे कुणी म्हणेल. फिलामेंटच्या बल्बचा स्वभाव असा की व्होल्टेज दहा टक्के घटले तर उजेड दहा नव्हे, जवळजवळ तीस टक्के घटतो! म्हणजे दिव्यात दोष नसतो, त्याच्यापर्यंत पुरेसा पुरवठाच पोहोचत नाही.

तपासणी सोपी आहे. इंजिन चालू ठेवून दिवे लावा. मीटरने आधी बॅटरीच्या टर्मिनलवर आणि मग बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर नवा बल्ब आणून काही साधणार नाही. बॅटरीपासून फ्यूजमार्गे जाड वायर, अप्पर आणि डिपरसाठी एक-एक रिले आणि दिव्याजवळ स्वच्छ घासलेली अर्थिंग एवढे करून घ्या. जुना स्विच मग फक्त रिलेला हुकूम देतो, भार वाहत नाही. गावातला कोणताही बरा ऑटो-इलेक्ट्रिशियन हे काम करतो आणि खर्च एलईडीच्या जोडीपेक्षा सहसा कमीच येतो. आपल्या सिग्नल आणि इलेक्ट्रिकल विभागातील सहकाऱ्यांना तर रिले काय करतो हे सांगायलाच नको.

त्यानंतर रिफ्लेक्टर आणि काच. रिफ्लेक्टरची चमक गेली असेल, आत गंज धरला असेल, तर पॉलिश करून उपयोग नसतो, दिवाच बदलावा. अँबॅसेडरसारख्या गाडीचा सात इंची गोल दिवा आजही मिळतो, एच-४ बल्बसह. प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळी पडली असेल तर ती घासून घेता येते, पण वर संरक्षक लेप दिला नाही तर काही महिन्यांत पुन्हा तेच.

दिवा बदलताना एक गोष्ट जरूर पाहा. परदेशी मालात उजव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठी बनवलेले दिवेही येतात. डिपरचा झोत सरळ नसतो, रस्त्याच्या कडेकडे तो थोडा उंचावतो. आपल्याकडे ती कड डावी. उलटा दिवा बसला तर उंचावलेला झोत नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. युरोपीय प्रमाणाच्या दिव्यावर, काचेकडे तोंड करून पाहिल्यास, आपल्या उजव्या हाताकडे रोखलेला बाण असतो. तो डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीचा दिवा.

आता एलईडीबद्दल. हा बल्ब वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. पण जुन्या रिफ्लेक्टरमध्ये तो बसवणे हा प्रकार आम्हाला पटत नाही. एच-४ बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात. डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते. तिच्यामुळे रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर उजेड पडतो आणि झोत खाली वळतो. फिलामेंटची जागा मिलिमीटरच्या हिशेबाने ठरलेली असते आणि रिफ्लेक्टर त्याच हिशेबाने घडवलेला असतो. तिथे दोन बाजूंना चिप चिकटवलेली पट्टी आली की तो हिशेबच मोडतो. उजेड झाडांच्या शेंड्यांवर, दुकानांच्या पाट्यांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत पसरतो. चालकाला वाटते, वा, काय लख्ख दिसते! खरे तर गाडीच्या नाकासमोरची जमीन लख्ख दिसते, आणि त्या चकाकीने लांबचा खड्डा उलट कमी दिसतो.

रेल्वेने सिग्नलला एलईडी आणले तेव्हा जुन्या लेन्समागे नुसता नवा बल्ब खोचला नाही. बल्ब आणि लेन्स काढून पूर्ण एलईडी युनिट बसवले, त्याला करंट रेग्युलेटर दिला. जर्मनीत रस्त्यावर वापरायला मान्यता असलेला असा पहिला बदली एलईडी बल्ब २०२० साली आला, आणि तोही सरसकट नव्हे, चाचणी झालेल्या ठरावीक गाड्यांपुरता. बल्ब आणि दिवा यांची जोडी तपासावी लागते, एवढाच याचा अर्थ. एलईडीच हवा असेल तर प्रमाणित, संपूर्ण दिवा घ्यावा.

शंभर-नव्वद वॉटच्या हॅलोजनची कथा निराळी नाही. जुन्या वायरीत सतरा अँपिअर करंट घातला की होल्डर वितळतो, स्विच तापतो. निळसर लेपाच्या बल्बांना तर आमचा साफ विरोध आहे. तो लेप उजेड गाळतो, वाढवत नाही. चांगल्या कंपनीचा साधा ६०/५५ वॉटचा एच-४, पूर्ण व्होल्टेजवर, सरळ लावलेला, बहुतेकांना पुरतो.

कायदाही या बाजूने आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ सांगतो की झोत कायम खाली वळलेला असावा. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, तो दिपता कामा नये. आणि पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी तपासणीस न्यावी लागते, तिथे दिवेही पाहिले जातात.

पण दंडाच्या भीतीने ही गोष्ट पाळावी असे आम्ही म्हणत नाही. नियमातली ती दीड मीटरची उंची नीट पाहा. सायकलवर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण तिथेच येतात. संध्याकाळी टपालाची पिशवी घेऊन परतणारा ग्रामीण डाक सेवक त्या उंचीवर असतो. फाटकाशी हातात दिवा घेऊन उभा असलेला गेटमन रात्रभर मोटारींच्या अप्परकडे तोंड करून काम करतो. दिपलेल्या डोळ्यांना पुन्हा अंधारात दिसायला काही सेकंद लागतात, वय झालेल्या किंवा मोतीबिंदू असलेल्या माणसाला त्याहून जास्त. गाडीवर समोरून गाडी येत असताना हेडलाइट मंद करावा, हे लोको पायलटला रेल्वेचे सामान्य नियम बजावतात. तो इंजिनावर हे इमानाने पाळतो. ड्यूटी संपवून स्वतःच्या मारुतीत बसल्यावर त्याने डिपर विसरावा काय?

राहिले झोताचे लेव्हल. हे काम फुकटचे आहे आणि म्हणूनच बहुधा कुणी करत नाही. टायरमध्ये बरोबर हवा भरा, चालकाच्या जागी माणूस बसवा, सपाट जमिनीवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरच्या झोताची वरची कड त्या रेषेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली यावी. मागे तिघे आणि डिकीत सामान असेल तर गाडीचे नाक उचलले जाते, तेव्हा नेहमी भरून जाणाऱ्यांनी तशीच भरून मोजावी.

शाखांना एक सूचना करतो. पावसाळ्यापूर्वी एक संध्याकाळ ठरवून कॉलनीतल्या सर्व गाड्यांचे दिवे असे लावून घ्यावेत. भिंत युनियन ऑफिसची चालेल. मीटर आणि स्क्रू-ड्रायव्हर इलेक्ट्रिकलचे सहकारी आणतील, खडू आणि टेप कुणाच्याही घरी सापडेल. स्कूटरी आणि मोटारसायकलीही याच रांगेत घ्याव्यात.