नळ आणि मोरी

मुलें पडद्यापुढें बसून खेळतात, या तक्रारीवर आजवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. तींत आणखी भर घालण्याची आमची इच्छा नाहीं. त्या व्हिडिओ गेमांतील एका प्रकाराकडे मात्र घरांतील वडील मंडळींनीं थोड्या कुतूहलानें पाहावें, असें आम्हांस वाटतें. या प्रकारांत खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेतो, एका कल्पित गांवांत वावरतो, शेत पिकवितो, शिकार करितो, लोहारकाम शिकतो आणि मिळविलेला माल बाजारांत विकतो. आम्ही यांस भूमिकाखेळ म्हणूं. अशा खेळांतील गांव रचणें म्हणजे चार घरें व एक दुकान रंगविणें नव्हे. त्या गांवाचा व्यवहार चालवावा लागतो. आणि तो चालवितांना मोठमोठ्या बुद्धिमान रचनाकारांची जी तारांबळ उडाली, ती अर्थशास्त्राच्या एखाद्या पाठ्यपुस्तकाइतकीच बोधप्रद आहे.

सप्टेंबर १९९७ मध्यें अमेरिकेंतील टेक्सास प्रांताच्या ओरिजिन सिस्टिम्स या संस्थेनें ‘अल्टिमा ऑनलाइन’ हा खेळ काढला, आणि हजारों माणसें आपापल्या घरीं बसून एकाच कल्पित राज्यांत वावरूं लागलीं. रचनाकारांची योजना मोठी सुबक होती. राज्यांतील लोकर, लोखंड, लांकूड, मांस यांचा एकूण सांठा त्यांनीं ठरवून दिला. मेंढीची लोकर कातरावी, तिचा सदरा व्हावा, सदरा झिजून जावा, आणि जितकी लोकर नाहींशी झाली तितकीच पुन्हां सांठ्यांत येऊन नवी मेंढी रानांत चरूं लागावी. सशांवर लांडग्यांनीं जगावें. निसर्गाचें रहाटगाडगें फिरतें तसेंच हेंही फिरत राहील, अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु माणसें आलीं आणि रहाटगाडगें अडलें. खेळणारांनीं ससा पाहिला नाहीं कीं लांडगा पाहिला नाहीं. दिसेल तें जनावर मारून रानें साफ केलीं. मिळालेली प्रत्येक चीजवस्तु ‘असूं दे, कधीं तरी उपयोगीं पडेल’ म्हणून घरांत रचून ठेविली. अडगळीच्या खोलीचा मोह कोणत्या गृहस्थास टळला आहे? द्रव्य घरोघर अडकून पडलें, सांठ्यांत परत कांहीं येईना, आणि म्हणून रानांत नवें कांहीं उपजेना.

दुसरी अडचण याहून नाजूक होती. शिंपीकामांत हात बसावा म्हणून खेळणारास सदऱ्यामागून सदरे शिवावे लागत. हे सदरे घालणार कोण? गिऱ्हाइकास एक पुरे, आणि शिंपी तर गल्लोगल्लीं. उरलेला माल शिंपी दुकानदारापुढें टाकी. हा दुकानदार म्हणजे माणूस नव्हे. खेळाच्या यंत्रणेनें हालविलेलें बाहुलें. त्यानें माल घेतला तर कोणास नको असलेल्या सदऱ्यांसाठीं नवें नाणें पाडावें लागे. न घेतला तर दिवसभर राबलेला कारागीर रित्या हातानें परते. २०११ सालच्या ‘स्कायरिम’ या खेळांतही हीच गोष्ट घडली. लोहारकाम शिकण्याच्या हव्यासानें लोक लोखंडी खंजिरांचे ढीगच्या ढीग पाडूं लागले, आणि अखेर नियम बदलून घडविलेल्या वस्तूच्या किंमतीच्या मानानें कौशल्य वाढेल, असें करावें लागलें. श्रम झाले, माल चांगला निपजला, पण त्याची कोणास गरजच नसेल तर त्याचें मोल काय? प्रश्न खेळांतला असला तरी खेळापुरता नाहीं.

‘अल्टिमा’च्या रचनाकारांनीं अखेर बंद हौदाची योजना सोडली. तिच्या जागीं जी रचना आली, तिला या धंद्यांतील लोक नळ आणि मोरी असेंच म्हणतात. राक्षस मारला कीं त्याच्यापाशीं नाणीं सांपडतात. तीं कोणाच्या खिशांतून आलेलीं नसतात, त्या क्षणींच निर्माण होतात. हा नळ. हत्याराच्या दुरुस्तीसाठीं वा प्रवासासाठीं बाहुल्या-दुकानदारास दिलेला पैसा कोणाच्याच हातीं न पडतां नाहींसा होतो. ही मोरी. नळ मोठा आणि मोरी लहान असली कीं हौद भरून वाहतो. जुन्या खेळणारांपाशीं नाण्यांच्या राशी पडतात, भाव चढतात, आणि काल खेळावयास आलेल्या मुलास साधी तलवारही परवडत नाहीं. २००४ सालीं निघालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळांत चिलखताच्या डागडुजीस पैसे पडतात आणि लिलावगृहांत माल विकला गेला कीं सामान्यतः शेंकडा ५ कापले जातात, तें याचसाठीं.

हा सारा पोरखेळ आहे, असें म्हणणारांसाठीं एक दाखला देतों. १९९९ सालच्या ‘एव्हरक्वेस्ट’ खेळांतील वस्तु व नाणीं लोक खेळाबाहेर खऱ्या डॉलरांस विकीत. त्या भावांवरून एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें २००१ च्या अखेरीस एक निबंध लिहून त्या कल्पित देशाचें दरडोई उत्पन्न वर्षास २,२६६ डॉलर काढलें. तें रशिया व बल्गेरिया या दोन खऱ्या देशांच्या मध्यें कोठें तरी बसत होतें.

उत्तम मोरी कोणती? जी कराप्रमाणें खुपत नाहीं आणि कारागिराच्या मालास गिऱ्हाईकही मिळवून देते ती. आइसलँडमधील सी.सी.पी. या संस्थेनें २००३ सालीं काढलेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळांत हें काम युद्ध करितें. तेथील अंतराळयानें खेळणारेच बांधतात, आणि यान फुटलें कीं तें कायमचें गेलें. जानेवारी २०१४ मधील एकाच लढाईंत ‘टायटन’ वर्गाचीं ७५ महाकाय यानें नष्ट झालीं. ज्याचें गेलें तो हळहळला. पण यान बांधणाराच्या दारीं दुसऱ्या दिवशीं मागणी आली. या बाजारावर नजर ठेवण्यास संस्थेनें २००७ सालीं एका अर्थशास्त्रज्ञाची नेमणूक केली होती.

युद्धावांचूनही हें साधतें. एरिक बॅरोन या गृहस्थानें एकट्यानें कित्येक वर्षें खपून २०१६ सालीं ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ पुरा केला. त्यांत पार्स्निप नांवाच्या कंदाचें बीं २० नाण्यांस मिळतें, चार दिवसांत पीक निघतें, आणि तें ३५ नाण्यांस विकतें. शंभर विका कीं हजार, भाव तोच! बाजाराचा नियम येथें उघड उघड मोडलेला आहे, तरी तें गांव खरें वाटतें. याचें कारण तेथें प्रत्येक गोष्टीस मर्यादा आहे. ऋतु २८ दिवसांचा. तो सरला कीं बहुतेक उभीं पिकें मरतात. पिअरचें दुकान बुधवारीं बंद. कुदळ सुधारण्यास लोहाराकडे टाकली कीं दोन दिवस कुदळीवांचून काढावे लागतात. घर पहिल्यांदा वाढवावयाचें तर सुतारीण १०,००० नाणीं आणि ४५० लांकडें मागते. आणि शेजाऱ्याचा स्नेह तर नाण्यांनीं मिळतच नाहीं. कोणास काय आवडतें हें ओळखून तें नेऊन द्यावें लागतें, आणि तेंही सामान्यतः आठवड्यांतून दोनदांच. एकाच मालाचे ढीग रचणारास हें गांव श्रीमंत करितें, पण आपलें म्हणत नाहीं. सदऱ्यांच्या प्रश्नाचें हेंही एक उत्तर होय.

एक मोरी मात्र अशी आहे कीं ती खेळाच्या हौदांतून न निघतां घरच्या तिजोरीस लागते. २०१२ सालच्या ‘डायाब्लो ३’ या खेळांत खऱ्या पैशांचें लिलावगृह उघडलें गेलें. जी तलवार राक्षसांशीं झुंजून मिळवावयाची, ती चार डॉलर टाकून विकत घेतां येऊं लागली. मग झुंजावें कशास? खेळाचा गाभाच पोखरला जात आहे हें मालकांच्या लक्षांत आलें, आणि १८ मार्च २०१४ रोजीं तें लिलावगृह त्यांनीं स्वतःच बंद केलें. तरीही प्रारंभीं फुकट देऊन मग आंतील नाणीं खऱ्या रुपयांस विकणारे खेळ आज घरोघरच्या मोबाइलवर आहेत, आणि त्यांची मोरी वडिलांच्या बँकेच्या खात्यास जोडलेली असते.

म्हणून मुलांच्या हातांतून खेळ हिसकावून घेण्यापूर्वीं आजोबांनीं, काकांनीं किंवा घरचा जमाखर्च पाहणाऱ्या मोठ्या जाऊबाईंनीं पांच मिनिटें जवळ बसून तीन प्रश्न विचारावे: या गांवांत पैसा कोठून येतो, कोठें जातो, आणि तूं केलेला माल घेतो कोण? पहिल्याचें उत्तर ‘आपल्या घरांतून’ असें आलें, तर तो खेळ त्याच दिवशीं बंद करण्यास आमची हरकत नाहीं. परंतु मूल राक्षसांच्या नाण्यांविषयीं, लोहाराच्या मजुरीविषयीं आणि न खपलेल्या सदऱ्यांविषयीं भरभरून सांगूं लागलें, तर त्यास पुढच्या महिन्याचा किराण्याचा हिशेब लिहावयास द्यावा. तें काम तें आनंदानें करील, अशी आमची खात्री आहे.