राबीट कुणाचं?



बिल्डरांच्या सभांतून हल्ली एक शब्द फिरतोय. वर्तुळाकार अर्थव्यवस्था. म्हणजे काय, तर जुनी इमारत पाडली की तिची वीट, सळई, लाकूड, काँक्रीट फेकायचं नाही. पुन्हा बांधकामात घालायचं. ऐकून हसू आलं. माझी आजी पाडलेल्या घरांच्या विटांवरला चुना खरवडायची, शेकड्याच्या हिशेबानं. तिला कुणी परिषदेला बोलावलं नाही.

या शहरात पाडकामाचा धंदा कसा चालतो ते परळ, लालबाग, वरळी कुठंही उभं राहून बघा. पाडणारा ठेकेदार पुष्कळदा मालकाकडून पैसे घेत नाही, उलट मालकालाच देतो. कारण मोडक्या इमारतीत माल असतो. ब्रह्मी सागाचे वासे, दारं, खिडक्या, लोखंडी तुळया, सळया. साग फर्निचरवाल्याकडे जातो, दारं जुन्या बाजारात, सळई भट्टीत वितळून पुन्हा सळई होते. वर्तुळ पहिल्यापासून आहेच. ते फिरवणारा नाक्यावरचा माणूस मात्र रोजावर. आमच्या गल्लीतला एक दादा ज्या स्लॅबवर उभा होता तोच स्लॅब घणानं फोडत होता. पायाखालचं गेलं. ठेकेदारानं दवाखान्यापर्यंत टॅक्सीचे पैसे दिले आणि त्या दिवसाची हजेरी अर्धी मांडली.

उरतं ते राबीट. सरकारी मराठीत राडारोडा. त्याच्यासाठी 2016 च्या मार्चमध्ये केंद्रानं नियम काढले. दिवसाला 20 टन किंवा महिन्याला 300 टन राबीट काढणाऱ्यानं काँक्रीट वेगळं, माती वेगळी, लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक वेगळं, विटा-मसाला वेगळा करून द्यायचा. त्याच वर्षी भारतीय मानकानं मान्य केलं की राबीट दळून केलेली खडी साध्या, बिनसळईच्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत चालते. डम्पिंगवर जागा नाही म्हणून मुंबईत नवी बांधकामंच हायकोर्टानं रोखली तीही 2016 सालीच. सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये सूट दिली, पण राबीट देवनार-मुलुंडला टाकायचं नाही, या अटीवर. मग पालिकेनं दहिसर आणि शिळफाट्याला रोजी 600 टनांची दोन केंद्रं उभी करवली. आता 1 एप्रिल 2026 पासूनचे नवे नियम 20 हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांत जबाबदारी थेट बिल्डरवर टाकतात. टन मोजले जाणार, नोंद होणार.

चांगलंच आहे. कारण रात्री ट्रक खाडीच्या कडेला राबीट ओतून पळतात तेव्हा खारफुटी मरते आणि पावसात पाणी शिरतं ते मलबार हिलच्या दिवाणखान्यात नाही. पण वर्गीकरण करणार कुणाचे हात? वर्गीकरण या शब्दाची आम्हाला पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे. वेगळं काढण्याचं काम ज्यांच्या वाट्याला येतं, त्यांनाही वेगळंच काढलेलं असतं. टनाचा हिशेब झाला, धूळ कुणाच्या छातीत गेली त्याचा रकाना कुठाय?

एक सांगतो, नाहीतर कुणी गैरसमज करून घेईल. इमारत न पाडता दुरुस्त करणं हाच सगळ्यात कमी कचऱ्याचा मार्ग, हे खरं. पण हे ज्ञान बीडीडीच्या पोरांना शिकवू नका. 1920 च्या दशकात बांधलेल्या त्या चाळी, 160 फुटांची खोली, संडास मजल्याच्या टोकाला. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या 556 कुटुंबांना 500 फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तो त्यांचा हक्क होता. चाळसंस्कृतीचे उमाळे ज्यांना येतात त्यांनी त्या संडासाच्या रांगेत आधी उभं राहावं. न पाडण्याचा नियम लावायचाच तर तीस वर्षांच्या धडधाकट इमारतींना लावा, ज्या नुसत्या वाढीव चटईक्षेत्रासाठी जमीनदोस्त होतात.

आणि आम्हा गोदीवाल्यांचं म्हणणं साधं आहे. 1969 साली माथाडी कायदा झाला. हमालाची मजुरी मंडळाकडे जमा होते, मालकाकडून वर लेव्ही घेतात, तिच्यातून फंड, दवापाणी. मायला, पाठीवरच्या पोत्यावर लेव्ही बसू शकते, तर पाडलेल्या तुळईवर का नाही? भंगाराच्या विक्रीतला ठरावीक वाटा पाडकामगारांच्या, वेचणाऱ्या बायकांच्या मंडळात जमा झाला पाहिजे. राबिटाची नोंद होते त्याच कागदावर त्यांची नावं हवीत. कामावर फलक हवा: ठेकेदार कोण, राबीट कुठं चाललंय, माणसं किती.

पुढच्या अंकाआधी प्रत्येकानं आपल्या वस्तीजवळचं एक पाडकाम बघून यायचं. किती जणांच्या डोक्यावर हेल्मेट आहे, रोज किती, ट्रकचा नंबर काय, तो कुठल्या रस्त्याला वळला. लिहून आणा. छापू.