देवमाणूस म्हणून मोकळं होऊ नका

परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकात श्रद्धांजलीचं पान आलं की त्यात बरेचदा एक बालमित्र भेटतो. आई आजारी पडली तेव्हा धावून आला, बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी रात्रभर दवाखान्यात बसला, असं एखाददुसरं वाक्य येतं. मग त्याचा दिलदारपणा, शाळेतल्या खोड्या आणि शेवटी ‘देवमाणूस होता’. भावना खरी असते, पण अशा मित्राची आठवण नुसत्या गुणगानावर थांबवली तर आपण त्याच्यावर अन्याय करतो, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने केलं ते काम होतं. त्या कामाची नोंद व्हायला हवी. आणि आज जो मित्र आपल्या आईवडिलांसाठी तेच काम करतो आहे, त्याला लागणारा पैसा आणि कागदपत्रं आपण वेळेआधी त्याच्या हाती दिली पाहिजेत.

हे काम काय असतं ते नीट पाहू. पुण्यात पहाटेचे दोन वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यू जर्सीत आदल्या दिवशीचे दुपारचे साडेचार वाजलेले असतात. मुलगा मीटिंगमध्ये आणि बाबांच्या छातीत कळ. मित्र गाडी काढतो. ॲडमिशनच्या खिडकीशी डिपॉझिट भरतो, कपाटातून मेडिक्लेमचं कार्ड आणि आधार शोधून आणतो, चालू गोळ्यांची नावं डॉक्टरांना सांगतो, रक्त लागलं तर बदली रक्तदाते जमवतो. विमा नियामकाने मे २०२४ मध्ये कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत देण्याचं बंधन विमा कंपन्यांवर घातलं. नियम चांगला आहे, पण टीपीएच्या, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, टेबलाशी उभं राहून राहिलेला रिपोर्ट पुरवणारा माणूस तरीही लागतोच. नुसत्या चांगुलपणावर हे जमत नाही. त्याला वेळ लागतो, पदरचे पैसे अडकतात, नोकरीतली रजा जाते.

आणि एवढं करणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जातो, ‘पेशंटचे तुम्ही कोण?’ मुलाचा मित्र, हे उत्तर तिथे तोकडं पडतं. वास्तविक नातं म्हणजे आपोआप मिळालेला परवाना नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलं की रुग्ण सज्ञान आणि निर्णयक्षम असेल व जिवावरचा प्रसंग नसेल, तर संमती त्याचीच हवी. रुग्ण भुलेखाली असताना आईने दिलेली संमतीही तिथे ग्राह्य धरली गेली नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार सज्ञान व्यक्तीला साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमता येतो आणि तो नातेवाईकच असावा अशी अट नाही. ही सोय मानसिक आजारापुरती आहे. पण ‘माझ्या प्रकृतीची माहिती अमुक यांना द्यावी’ असं आईबाबांच्या सहीचं पत्र नेहमीच्या डॉक्टरांच्या फाइलला लावायला कुणाची आडकाठी आहे? त्या पत्राने ऑपरेशनच्या संमतीचा अधिकार मिळणार नाही, पण मित्राला ताटकळत बाहेर बसावं लागण्याची शक्यता कमी होईल. अमेरिकेतही कायदा नात्यापलीकडच्या माणसाला मानण्याच्या वाटेने चालला आहे. १९९३ चा फेडरल कायदा आजारपणातल्या शुश्रूषेची रजा मुख्यतः जोडीदार, मुलं आणि आईवडील यांच्यासाठीच देतो. न्यू जर्सीने मात्र २०१९ मध्ये कुटुंबाइतकी जवळीक असलेल्या माणसालाही आपल्या कायद्यात जागा दिली, आणि कॅलिफोर्नियाने २०२३ पासून कर्मचाऱ्याने स्वतः निवडलेल्या अशा माणसाला.

यावर कुणी म्हणेल, मैत्रीत व्यवहार आणू नये, मित्राचा अपमान होईल. मला उलट वाटतं. डिपॉझिट त्याने भरायचं आणि परत मागायचा संकोचही त्यानेच सोसायचा, यात कसली मैत्री? आजारपणासाठी आईवडिलांच्या घरी किंवा मित्राकडे आधीच रक्कम ठेवली तर त्याचा मान राखलाच जातो. दुसरा आक्षेप असा की आता पुण्या-मुंबईत पैसे मोजून ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्या सेवा मिळतात, मित्राला त्रास कशाला? त्या सेवा जरूर घ्याव्यात. मित्राच्या रात्री वाचतील. पण काका दुखणं लपवतात, ‘बरं आहे’ म्हणाले तरी चेहऱ्याकडे पाहायचं, हे चाळीस वर्षं त्या घरात जेवलेल्यालाच कळतं. तिसरा आक्षेप, नातेवाईक आहेत की! आहेत, पण मामा-काका आज स्वतःच पंचाहत्तरीला आलेत, आणि चुलतभाऊ आपल्यासारखेच परदेशी. हा भार ज्याच्यावर खरोखर पडतो त्याचं नाव घ्यायला आपण कचरू नये.

म्हणून दोन विनंत्या. पुढच्या अंकासाठी कुणा मित्रावर लिहाल, तेव्हा त्याने कोणत्या रात्री काय केलं, कशावर पाणी सोडलं, ते लिहा. विशेषणं कमी झाली तरी चालतील. आणि येत्या रविवारी आईबाबांना फोन कराल तेव्हा ते सहीचं पत्र, औषधांची यादी आणि विम्याचे कागद यांचा विषय काढाच. पण त्याआधी मित्राला फोन करून विचारा, ‘तुझं नाव देऊ का?’ त्याने नाही म्हटलं तर तेही मानाने ऐका.