विश्लेषण : रुग्णांच्या तक्रारी आणि धोक्यांची यादी एकमेकांशी जोडलेली का हवी?

अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्तेचा नवा नियम २ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झाला आहे. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजेच एफडीएने, आपली जुनी नियमावली आयएसओ १३४८५ या आंतरराष्ट्रीय मानकाशी जोडली आहे. अमेरिकेत उपकरणे निर्यात करणाऱ्या भारतीय कंपन्यांनाही हा नियम पाळावा लागेल. विषय तांत्रिक वाटतो, पण मूळ प्रश्न साधा आहे : उपकरणात गडबड आहे असे रुग्ण सांगत असतील, तर ते योग्य माणसापर्यंत पोहोचते का?

नेमके काय बदलले?

जुन्या नियमावलीत जोखीम विश्लेषणाचा थेट उल्लेख फक्त डिझाइनच्या कलमात होता. त्यामुळे अनेकदा डिझाइनच्या वेळी धोक्यांची यादी केली, फाइल बंद केली, की काम संपले असे मानले जाई. आता पुरवठादार निवडण्यापासून उत्पादन आणि तक्रारींपर्यंत जोखमीचा विचार करावा लागेल. अंतर्गत ऑडिटचे अहवाल पूर्वी तपासणीतून वगळलेले होते. आता एफडीएचे निरीक्षक तेही मागू शकतात.

फिलिप्स प्रकरणात काय झाले?

झोपेत श्वास अडखळणाऱ्या रुग्णांसाठीची सीपॅप यंत्रे आणि काही व्हेंटिलेटर फिलिप्सने जून २०२१ मध्ये परत मागवायला सुरुवात केली. जगभरातल्या ५० लाखांहून अधिक यंत्रांचा हा प्रश्न होता. आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम झिजत होता आणि त्याचे कण रुग्णाच्या श्वासात जाण्याची भीती होती.

त्यानंतर एफडीएने कंपनीच्या पेनसिल्व्हेनियातील कारखान्याची तपासणी केली. २०१६ ते जानेवारी २०२१ या काळातल्या किमान १४ चाचण्या आणि मूल्यांकनांत फोमच्या झिजेची माहिती कंपनीला होती, असे निरीक्षकांनी नोंदवले. जोखमीचे विश्लेषण अपुरे असल्याचा ठपकाही ठेवला. गंभीर हानीची शक्यता कमी असल्याचे नंतरच्या चाचण्यांतून दिसते, असे कंपनीचे म्हणणे आहे. मात्र या चाचण्या पुरेशा नाहीत, असे एफडीएने २०२३ मध्ये सांगितले.

म्हणजे माहिती कंपनीतच होती. ती वेळेत निर्णयापर्यंत गेली नाही.

सॉफ्टवेअरचा उपयोग काय?

बऱ्याच ठिकाणी तक्रारी एका विभागाकडे असतात आणि धोक्यांची यादी दुसऱ्याच विभागाच्या एक्सेल शीटमध्ये. गुणवत्ता व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर या दोन्ही नोंदी जोडते.

समजा, एखादा बिघाड दहा हजार यंत्रांत एकदा होईल असा अंदाज होता. प्रत्यक्षात हजारात एक तक्रार येऊ लागली. नोंदी जोडलेल्या असतील तर अंदाज चुकल्याचे लगेच दिसते. मग धोक्याचे पुन्हा मूल्यमापन, कारणाचा शोध, डिझाइनमध्ये बदल आणि नवी चाचणी ही साखळी सुरू करता येते. प्रत्येक टप्प्यावर कोणी काय ठरवले, याचीही नोंद राहते.

मग सॉफ्टवेअर घेतले की झाले?

नाही. सॉफ्टवेअर वापरण्याची सक्ती नियमात नाही. वापरलेच, तर ते नीट चालते याची पडताळणी आयएसओ १३४८५ नुसार आधी करावी लागते. शिवाय तक्रारीची नोंद 'किरकोळ' या रकान्यात करायची की 'गंभीर' या, हे शेवटी माणूसच ठरवतो. रिकॉलचा खर्च समोर दिसत असताना तो निर्णय सोपा नसतो.

भारतात काय स्थिती?

भारतात वैद्यकीय उपकरण नियम २०१७ लागू आहेत. त्यांच्या पाचव्या परिशिष्टात गुणवत्ता व्यवस्थापनाच्या अटी आहेत. जास्त जोखमीच्या सी आणि डी वर्गांतील उपकरणांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना बंधनकारक आहे.

उपकरणांमुळे होणाऱ्या त्रासाची नोंद ठेवण्यासाठी देशात २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू आहे. गाझियाबादचा भारतीय औषधकोश आयोग त्याचे काम पाहतो. तिथे डॉक्टरांप्रमाणे रुग्णही तक्रार नोंदवू शकतात. घरातले ग्लुकोमीटर किंवा बीपी मशीन वारंवार चुकीचे आकडे दाखवत असेल, तर ते फक्त बदलून घेऊन थांबू नका. तक्रारच नोंदली गेली नाही, तर ती कोणत्याही यादीशी जोडता येणार नाही.