निवासी विभाग व रासायनिक कारखाने यांच्यामधील हरित पट्टा मोकळा करून तेथे झाडे लावण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
औद्योगिक वसाहत कार्यालय

संदर्भ : १) रहिवासी संघाची यापूर्वीची निवेदने
२) आपल्या दालनातील बैठकीत मिळालेले आश्वासन

महोदय,

आधीच्या निवेदनांवर आवक शिक्क्यापलीकडे काहीही न झाल्यामुळे आम्ही निवासी विभागातील रहिवासी त्याच विषयावर पुन्हा लिहीत आहोत.

मंजूर नकाशात आमच्या इमारती आणि रासायनिक कारखाने यांच्यामध्ये हरित पट्टा आहे. प्रत्यक्षात तिथे टँकरतळ झाला आहे. रात्री आलेले टँकर सकाळी कारखान्यांची फाटके उघडेपर्यंत हलत नाहीत. बालवाडीच्या भिंतीपासून ते हातभर अंतरावर उभे असतात. काहींवर ज्वलनशील मालाचा लाल फलक असतो आणि त्यांच्याच आडोशाला चालक स्टोव्ह पेटवून जेवण करतात. चालकांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना थांबायला दुसरी जागाच दिलेली नाही. रिकामे टँकर तिथेच धुतात. ते पाणी कुंपणाखालून आमच्या आवारात येते, उग्र वासाने डोळे चुरचुरतात आणि तळमजल्यावरच्या घरांना भर उन्हाळ्यात खिडक्या लावून बसावे लागते.

डोंबिवलीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत झालेल्या स्फोटांत माणसे गेली, दूरवरच्या इमारतींच्याही काचा फुटल्या. आमच्याकडे कारखाने आणि घरे यांच्यामध्ये अंतर सोडलेले आहे. पण तेच अंतर रोज रात्री ज्वलनशील मालाने भरून जाते.

टँकर पावसाळ्यापूर्वी ट्रक टर्मिनलच्या जागेवर हलवू, असे आपण बैठकीत सांगितले होते. पावसाळा गेला. पाहणीला आलेल्या उपअभियंत्यांनी दिवाळीची मुदत दिली. दिवाळीही गेली. टर्मिनलच्या भूखंडावर आजही काटेरी झुडपे आहेत.

वृक्षारोपणाच्या आश्वासनाचेही तेच झाले. वनमहोत्सवात रोपे लावली, छायाचित्रे निघाली. पाणी घालायला कोणी फिरकले नाही. काही खड्ड्यांत काळ्या पिशवीसकट रोवलेली काडी अजून उभी आहे. जगले ते चार गुलमोहर. धुळीचा त्रास सर्वांत जास्त असतो त्या कोरड्या दिवसांतच त्यांची पाने गळतात. धूळ अडवायची तर दाट, सदाहरित आणि जमिनीपासून शेंड्यापर्यंत पाने असलेली झाडांची भिंत उभी राहायला हवी. झाडांची एकच ओळ लावली, तर खोडांच्या मधून धूळ सरळ घरात येते.

आमच्या मागण्या :

१. पट्ट्यातील टँकर तातडीने हटवावेत. दोन्ही तोंडांना अवजड वाहन शिरणार नाही असे लोखंडी अडथळे बसवावेत आणि चालकांसाठी टर्मिनलवर पाणी व शौचालयाची सोय करावी.

२. पट्ट्याची मोजणी रहिवाशांसमक्ष करून हद्दीचे दगड रोवावेत. त्यातील एक फूटही जागा भूखंड, गोदाम वा वाहनतळासाठी देऊ नये.

३. झुडपे, मध्यम झाडे आणि उंच झाडे अशा किमान तीन ओळी लावाव्यात. करंज, सप्तपर्णी, बकुळ यांसारखी इथली झाडे घ्यावीत. तीन वर्षे पाणी घालण्याची आणि मेलेले रोप बदलण्याची जबाबदारी ठेकेदाराच्या करारातच लिहावी.





यंदाचा पाऊस लागण्याआधी खड्डे तयार नसतील, तर लागवडीचे आणखी एक वर्ष वाया जाईल. म्हणून या वेळी तोंडी आश्वासन नको. प्रत्येक मागणीपुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम आणि काम पूर्ण होण्याची तारीख असलेले लेखी उत्तर पंधरा दिवसांत मिळावे, ही विनंती. ते न मिळाल्यास आम्ही हा विषय जिल्हाधिकाऱ्यांपुढे मांडू आणि पट्ट्याच्या तोंडाशी शांततेने ठिय्या देऊ. ती वेळ आपण येऊ देऊ नये.

कळावे.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद
रहिवासी संघ, निवासी विभाग

सोबत : छायाचित्रे, मंजूर नकाशाची प्रत, रहिवाशांच्या सह्यांचे पत्रक