विश्लेषण : कॅराव्हॅनमध्ये इंटरनेट कशावर चालवायचे? फोन, हॉटस्पॉट, राउटर की उपग्रह?

छत्रपती संभाजीनगरातील पुंडलिकनगर, गारखेडा परिसरातून सुट्टीत गाडी ठरवून वेरूळ, अजिंठा किंवा लोणार गाठणे नवीन नाही. आता त्याच रस्त्यांसाठी झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या कॅराव्हॅनचा पर्याय आहे. गाडी ठरते, मुक्काम ठरतो आणि मग खरा प्रश्न पुढे येतो. सोमवारी सकाळी दहाची ऑनलाइन मीटिंग गाडीतून होईल का? मुलीचा प्रवेश अर्ज शेवटच्या दिवशी भरता येईल का? रात्री आजोबांना बरे वाटेनासे झाले तर फोन लागेल का? त्यासाठी नेमके कोणते उपकरण घ्यावे, याचा आढावा.

हा प्रश्न आताच का?

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. कॅराव्हॅन आणि त्या उभ्या करण्यासाठीची ठिकाणे म्हणजे कॅराव्हॅन पार्क, असे त्याचे दोन भाग आहेत. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि शहराजवळच्या सावंगीतून त्यावर चढता येते. करोनानंतर अनेकांना घरून काम करण्याची मुभा मिळाली, ती काही ठिकाणी अजून टिकून आहे. त्यामुळे सहलीचे चार दिवस आठ होऊ शकतात. मात्र ही मुभा इंटरनेटवर अवलंबून असते. दोनदा मीटिंग तुटली की कार्यालयाकडून पुढच्या वेळी परवानगी मिळणे कठीण.

फोनचा हॉटस्पॉट पुरेसा नाही का?

दोन-तीन दिवसांच्या सहलीत नकाशा, यूपीआय आणि व्हॉट्सॲप एवढेच लागत असेल तर पुरेसा आहे. वेगळ्या उपकरणावर दोन-तीन हजार रुपये घालण्याची गरज नाही. मात्र दिवसभर हॉटस्पॉट सुरू ठेवला की फोन तापतो, बॅटरी लवकर उतरते आणि तापलेला फोन आपोआप वेग कमी करतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार असताना, बंद गाडीत हे आणखी लवकर होते. शिवाय ज्याचा फोन तो बाहेर गेला की गाडीतल्या सगळ्यांचे इंटरनेट बंद. जो घरात सतत कामात असतो, त्याचाच फोन हॉटस्पॉट करू नये, हा साधा नियम.

वेगळा हॉटस्पॉट घेताना काय पाहावे?

हातात मावणारे, सिमकार्ड आणि बॅटरी असलेले हॉटस्पॉट उपकरण हा मधला मार्ग. ते घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, ते एकाच कंपनीच्या सिमपुरते बांधलेले आहे का. मोबाइल कंपनीचे नाव छापलेली उपकरणे बहुतेकदा तशी असतात. जिओफायमध्ये जिओचेच सिम चालते. घरी हे खटकत नाही, प्रवासात खटकते. कन्नडच्या घाटात एका कंपनीचे सिग्नल गेले आणि दुसरीचे असले, तरी सिम बदलून उपयोग होत नाही.

दुसरी गोष्ट बँडची. प्रत्येक कंपनी वेगवेगळ्या लहरींवर सेवा देते. जिओचे फोर-जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर आहे. बीएसएनएलने स्वदेशी तंत्रज्ञानाचे फोर-जी उभारताना ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे बँड २८ चा, वापर केला आहे. या स्वदेशी जाळ्याचे लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. जुन्या किंवा स्वस्त हॉटस्पॉटमध्ये बँड २८ नसतो. मग टॉवर समोर असूनही उपकरणाला तो दिसत नाही. खोक्यावरची बँडची यादी दुकानातच वाचावी.

तिसरी गोष्ट सिमची. हॉटस्पॉटमधल्या सिमवर येणारा ओटीपी उपकरणाच्या सेटिंगच्या पानावर जाऊन शोधावा लागतो आणि कॉल तर बहुतेक उपकरणांत घेताच येत नाही. बँकेला जोडलेले सिम त्यात टाकू नये. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲप नोंदणीच्या सिमशी सतत जोडलेले ठेवण्याचे निर्देश कंपन्यांना दिले. हे पाहता व्हॉट्सॲपचे सिमही फोनमध्येच असलेले बरे. हॉटस्पॉटसाठी वेगळे सिम घ्यावे. एका व्यक्तीच्या नावावर नऊ सिमची मर्यादा आहे आणि आपल्या नावावर किती सिम आहेत, ते संचार साथी पोर्टलवर पाहता येते.

फोर-जी की फाइव्ह-जी?

देशात फाइव्ह-जी १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाले. शहरात त्याचा वेग जाणवतो. पण फाइव्ह-जीसाठी मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी फार दूर जात नाहीत आणि भिंती, डोंगर, पत्रा यांना लवकर अडतात. कमी मेगाहर्ट्झच्या लहरी दूर पोहोचतात, मात्र त्यांचा वेग कमी असतो. कॅराव्हॅनचा मुक्काम गावाबाहेर, धरणाकाठी, डोंगरपायथ्याशी असतो. तिथे व्हिडिओ कॉलसाठी स्थिर फोर-जी मिळाले तरी भागते. आणखी एक अडचण अशी, की जिओचे फाइव्ह-जी स्वतंत्र जाळ्यावर म्हणजे स्टँडअलोन पद्धतीने चालते. ती पद्धत उपकरणात नसेल तर फाइव्ह-जीचे पैसे मोजूनही फोर-जीच मिळते.

गाडीत राउटर बसवण्याने काय फरक पडतो?

कॅराव्हॅनचे अंग पत्र्याचे असते आणि पत्रा सिग्नल अडवतो. म्हणूनच गाडीबाहेर दोन रेघा दाखवणारा फोन आत एकच दाखवतो. सिमवर चालणाऱ्या राउटरला बाहेरचा अँटेना जोडण्याची सोय असेल, तर अँटेना टपावर आणि राउटर आत ठेवता येतो. असे बरेच राउटर १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे ते गाडीच्या दुसऱ्या बॅटरीला जोडता येतात. दोन सिमचा राउटर असेल तर एक जाळे गेले की दुसरे आपोआप सुरू होते. खर्च मात्र हॉटस्पॉटच्या कित्येक पट. भाड्याच्या गाडीला टपावर भोक पाडता येत नाही, तिथे खिडकीच्या काचेला लावलेला हॉटस्पॉटच बरा.

येथे एक सावधगिरी हवी. ऑनलाइन मिळणारे ‘सिग्नल बूस्टर’ किंवा रिपीटर परवानगीशिवाय वापरणे बेकायदा आहे. ते आजूबाजूच्या टॉवरमध्ये अडथळा आणतात आणि इतरांचे कॉल तोडतात. अँटेना फक्त आपल्या राउटरपर्यंत सिग्नल आणतो, बूस्टर सिग्नल वाढवून पुन्हा हवेत सोडतो. दोन्हींत हा फरक आहे.

घरचे एअरफायबर किंवा उपग्रहाचे इंटरनेट चालेल?

२०२३ मध्ये आलेले एअरफायबर वायरविना असले तरी ते घराच्या पत्त्यावर दिले जाते आणि त्याचे बाहेरचे यंत्र गच्चीवर बसवले जाते. ते फिरत्या गाडीसाठी नाही. उपग्रह इंटरनेटबाबत, स्टारलिंकला दूरसंचार विभागाचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने दुर्गम भागातील सेवेसाठी कंपनीशी इरादापत्रही केले. पण कंपनीला परवाना मिळणे आणि फिरत्या गाडीसाठी प्लॅन मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नातेवाइकाकडून परदेशातून डिश किंवा सॅटेलाइट फोन मागवण्याचा मोह टाळावा. विनापरवाना सॅटेलाइट फोन बाळगल्याबद्दल देशात प्रवाशांवर गुन्हे दाखल झाले आहेत.

मुक्कामी सिग्नल असेल का, हे आधी कसे कळेल?

‘ट्राय’च्या २०२४ च्या नियमांनुसार मोबाइल कंपन्यांना टू-जी, फोर-जी, फाइव्ह-जी कुठे आहे याचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. निघण्यापूर्वी सिल्लोड, फर्दापूर, खुलताबाद, कन्नड अशी मुक्कामाची गावे त्यावर पाहावीत. नकाशा उघड्यावरचे सिग्नल दाखवतो, दरीतले आणि पत्र्याआडचे नाही. अजिंठा लेणी वाघूर नदीच्या दरीत आहेत आणि खासगी गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटलाच थांबतात. त्यामुळे मीटिंगचे ठिकाण लेणी नव्हे, टी-पॉइंट किंवा गाव धरावे. सरकारी निधीतून उभारलेल्या टॉवरवर एकमेकांच्या ग्राहकांना फोर-जी देण्याची व्यवस्था जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली, पण ती सगळ्या टॉवरना लागू नाही.

डेटा किती लागेल?

चांगल्या दर्जाचा व्हिडिओ कॉल तासाला सुमारे एक जीबी खातो. दिवसाला दीड जीबीचा प्लॅन दीड तासात संपतो, त्यानंतर वेग इतका कमी होतो की मीटिंग होत नाही. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओ आणि एअरटेलने अमर्याद फाइव्ह-जी दिवसाला दोन जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनपुरते ठेवले. फोर-जीच्या क्षेत्रात ते ‘अमर्याद’ लागू होत नाही. मुलांचे व्हिडिओ आणि ऑफलाइन नकाशे घरच्या वायफायवर उतरवून घेतले तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

मग निवड कशी करावी?

शनिवार-रविवारच्या सहलीला घरातले दोन फोन, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम आणि एक पॉवर बँक पुरे. आठवडाभर गाडीतून काम करायचे तर कोणत्याही कंपनीचे सिम चालणारा, बँड २८ असलेला फोर-जी हॉटस्पॉट घ्यावा. स्वतःची कॅराव्हॅन असेल आणि वर्षातून अनेकदा निघायचे असेल, तरच अँटेनासह दोन सिमच्या राउटरचा खर्च वसूल होतो. उपकरण कोणतेही असो, ते उन्हात डॅशबोर्डवर ठेवू नये, लिथियमची बॅटरी फुगते.

शेवटची गोष्ट सुरक्षेची. हॉटस्पॉटवरून ११२ ला साधा कॉल लावता येत नाही. फोनमधून, आपल्या कंपनीचे सिग्नल नसले तरी तिथे दुसऱ्या कंपनीचे जाळे असल्यास, आपत्कालीन कॉल लागू शकतो. म्हणून रात्री गाडीतला किमान एक फोन चार्ज असलेला आणि सिमसह हाताशी हवा.